फ्रीजचा गॅस, आभाळाचा थर आणि गुरुजींचा पंप

गेल्या आठवड्यात दवाखान्यातला एसी थंड करीनासा झाला. यंत्र तसे जुनेच, दहा वर्षांपूर्वी घेतलेले. मेकॅनिक आला, त्याने बाहेरच्या युनिटला मीटर लावून पाहिले आणि निदान सांगितले, "डॉक्टरसाहेब, गॅस कमी झालाय. उरलेला सोडून देतो, व्हॅक्यूम मारून नवा भरतो." मी विचारले, "अरे, सोडतोस म्हणजे कुठे?" तो हसला. "हवेत, दुसरं कुठे? एवढासा गॅस साहेब, आणि आभाळ केवढं!"

बाकावर आमचे जुने रुग्ण, निवृत्त गुरुजी, तपासणीची वाट पाहत बसले होते. तीस वर्षांपासून त्यांना दमा आहे. त्यांनी खिशातला पंप काढून मेकॅनिकला दाखवला आणि म्हणाले, "बाळ, तुझ्या या गॅसच्या थोरल्या भावाने एकदा माझी झोप उडवली होती. डॉक्टरांना विचार."

वाचकहो, फ्रीज-एसीचा गॅस आणि आरोग्य यांचा संबंध काय, असा प्रश्न आपल्यालाही पडला असेल. आजचा लेख त्याविषयीच आहे. एखादी घातक वस्तू सगळ्या देशातून हद्दपार करायची, तर नुसता हुकूम काढून भागत नाही. कोणाला किती दिवस द्यायचे, कोणाला मदत करायची आणि कोणाला तूर्त वगळायचे, हे आधी ठरवावे लागते. आपल्या देशाने हे काम बऱ्याच अंशी नीट केले आहे. जे उरले आहे ते मात्र तुमच्या-माझ्या दारात उरले आहे.

ओझोन : वर मित्र, खाली शत्रू

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या कणात दोन अणू असतात, ओझोनच्या कणात तीन. जमिनीलगत, धुराच्या शहरी हवेत तयार होणारा ओझोन फुप्फुसांना त्रास देतो, दम्याच्या रुग्णाला तर फारच. पण जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर हाच ओझोन आपला रक्षक आहे. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी घातक किरणांचा मोठा भाग तो वरच्या वर अडवतो.

हा थर केवढा असेल? वातावरणातला सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर आणला आणि इथल्या दाबाखाली पसरला, तर त्याची जाडी भरेल जेमतेम ३ मिलिमीटर! भाकरीहून पातळ अशा या पदराखाली पृथ्वीवरचे सारे जीवन सुखाने नांदते आहे. "आभाळ केवढं" हे मेकॅनिकचे म्हणणे खरे, पण त्यातले पांघरूण एवढेच आहे.

निरुपद्रवी वाटलेला पाहुणा

पूर्वी थंडावा निर्माण करण्यासाठी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे वायू वापरत. ते विषारी होते आणि गळती झाली की माणसे दगावत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुओरोकार्बन, म्हणजे सीएफसी, हे नवे वायू पुढे आणले. ते विषारी नाहीत आणि पेटतही नाहीत. १९३० साली शास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. एकाच फुंकरीत दोन्ही गोष्टी सिद्ध! पुढे फ्रीज, एसी, स्प्रेचे डबे, फोमच्या गाद्या आणि दम्याचे पंप अशा सगळ्या ठिकाणी सीएफसी जाऊन बसले.

त्यांचा गुण होता तोच पुढे दोष ठरला. हे वायू सहजासहजी कशाशीही संयोग पावत नाहीत, म्हणून ते नष्टही होत नाहीत. फ्रीजमध्ये भरला जाणारा सीएफसी-१२ हवेत सुमारे १०० वर्षे टिकतो. सावकाश वर चढत तो ओझोनच्या थरापर्यंत पोहोचतो. तिथे अतिनील किरणांनी तो फुटतो आणि त्यातला क्लोरीन मोकळा होतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचा कण मोडतो, पण स्वतः शाबूत राहतो आणि पुढच्या कणाकडे वळतो. असा एकच अणू एक लाखापर्यंत ओझोनचे कण नष्ट करू शकतो. पोत्यात शिरलेल्या एका किड्याने सगळे धान्य पोखरावे, तसा हा प्रकार आहे.

१९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी हा धोका सांगितला तेव्हा अनेकांनी तो हसण्यावारी नेला. १९८५ मध्ये जोसेफ फार्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दक्षिण ध्रुवावरील थर दर वसंत ऋतूत भयंकर विरळ होत असल्याचे मोजमापांनिशी दाखवले, तेव्हा जग खडबडून जागे झाले. मोलिना आणि रोलंड यांना पॉल क्रुटझेन यांच्यासह १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या डोक्यावर भोक आहे का?

उन्हाळा कडक झाला की लोक दवाखान्यात येऊन म्हणतात, "डॉक्टर, ओझोनला भोक पडलंय ना, म्हणून ऊन वाढलंय." हा गैरसमज आहे. ते 'भोक' म्हणजे दक्षिण ध्रुवावर ठराविक महिन्यांत थर अतिशय पातळ होणे. आपल्या भागावरील थराला तुलनेने फार थोडा धक्का लागला. आपल्याकडे अतिनील किरण मुळातच जास्त पडतात, कारण सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. आणि उष्मा वाढण्याचे मुख्य कारण निराळे आहे, ते पुढे येईलच.

मग आपण चिंता कशाला करायची? थर सगळीकडे विरळ होत गेला असता, तर त्याची किंमत माणसाने कातडी आणि डोळे यांनी मोजली असती. अतिनील किरणांनी त्वचेचा कर्करोग होतो. आपल्या सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य त्यापासून बरेच संरक्षण देते, म्हणून हा रोग आपल्याकडे कमी. पण डोळ्यांना असा सावळेपणाचा आधार नाही. वर्षानुवर्षे उन्हात राबणाऱ्यांना मोतीबिंदू लवकर होण्यात आणि डोळ्यात पडदा वाढण्यात या किरणांचा हात असतो. शरीराची प्रतिकारशक्तीही त्यांनी काहीशी मंदावते. पिकांवर आणि समुद्रातील सूक्ष्म जीवांवर परिणाम होतो तो वेगळाच.

हे संकट टळले म्हणजे किती टळले? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने केवळ आपल्या देशापुरता अंदाज काढला आहे. १८९० ते २१०० या काळात जन्मलेल्या आणि जन्मणाऱ्या अमेरिकी लोकांत त्वचेच्या कर्करोगाचे ४४ कोटी ३० लाख आणि मोतीबिंदूचे ६ कोटी ३० लाख रुग्ण या आंतरराष्ट्रीय करारामुळे टळतील, असे तो अंदाज सांगतो. कोणत्याही एका औषधाने एवढे काम केल्याचे मला तरी आठवत नाही.

हुकूम नव्हे, वेळापत्रक

१६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे हा करार झाला. म्हणूनच १६ सप्टेंबर हा दिवस जगभर ओझोन दिन म्हणून पाळला जातो. भारताने मात्र लगेच सही केली नाही, आणि त्यामागे कारण होते. सीएफसी वापरून थंडावा भोगला तो श्रीमंत देशांनी. आपल्याकडे त्या वेळी किती घरांत फ्रीज होता, हे आठवून पाहा. "घाण तुम्ही केलीत, मग झाडू आमच्या पैशाने का?" असा साधा सवाल होता. १९९० च्या लंडन बैठकीत तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी निधी आणि तंत्रज्ञान यांसाठी आग्रह धरला. चीन व इतर विकसनशील देशांचीही तीच मागणी होती. अखेर श्रीमंत देशांनी पैसे घालून एक बहुपक्षीय निधी उभारला. शिवाय ज्या विकसनशील देशांत या रसायनांचा वापर दरडोई ०.३ किलोपेक्षा कमी होता, त्यांना दहा वर्षांची जादा मुदत मिळाली. मग १९ जून १९९२ रोजी भारत करारात सामील झाला.

त्यानंतर १९९३ मध्ये देशाचा कार्यक्रम तयार झाला. पर्यावरण मंत्रालयात 'ओझोन कक्ष' स्थापन झाला आणि २००० साली नियम आले. वेळापत्रक असे होते. १९९९ मध्ये सीएफसीचा वापर आहे तिथे गोठवायचा, २००५ पर्यंत निम्मा करायचा, २००७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आणि २०१० मध्ये शून्यावर आणायचा.

यातला क्रम पाहण्यासारखा आहे. फ्रीज घरात पंधरा-वीस वर्षे चालतो. गॅस एकदम बंद केला असता, तर लाखो घरांतले फ्रीज आणि दुकानांतल्या शीतपेट्या भंगारात गेल्या असत्या. म्हणून आधी नवीन माल बनवणाऱ्यांना दुसऱ्या वायूकडे वळवले. १ जानेवारी २००३ नंतर नव्या फ्रीजमध्ये सीएफसी भरणे बंद झाले, पण जुन्यांच्या दुरुस्तीसाठी तो आणखी काही वर्षे मिळत राहिला. सीएफसी तयार करणारे चार कारखाने देशात होते. उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवण्यासाठी १९९९ मध्ये सुमारे ८ कोटी २० लाख डॉलरची भरपाई ठरली. ही रक्कमही एकदम हातात दिली नाही, ठरलेली घट दाखवत गेले तसतशी ती मिळत गेली. दरम्यान गावोगावच्या मेकॅनिकांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. १ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे मुदतीच्या सतरा महिने आधीच, भारताने सीएफसीचे उत्पादन आणि वापर थांबवला. अपवाद फक्त एक होता, आणि गुरुजींची गोष्ट इथेच येते.

गुरुजींचा पंप

त्याच ऑगस्टमध्ये गुरुजी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले. चेहरा उतरलेला. त्यांच्या पंपाच्या डबीवर बारीक अक्षरात सीएफसीचा उल्लेख होता आणि कात्रणात लिहिले होते, सीएफसी बंद. "डॉक्टर, आभाळ वाचवायचं ते वाचवा, पण रात्री दोन वाजता माझा श्वास अडकला तर मी काय करू?"

प्रश्न अगदी रास्त होता. दम्याच्या पंपात औषध असते चिमूटभर. ते फवाऱ्याच्या रूपात छातीत ढकलायला दाबाखालचा वायू लागतो, आणि तो वायू तेव्हा सीएफसीच असे. फ्रीज चार दिवस बंद राहिला तर दूध नासेल, पंप एक रात्र नसला तर माणूस जाईल. योजना आखणाऱ्यांनी हा फरक ओळखला होता. म्हणून दमा आणि श्वासनलिकांच्या जुनाट विकारांवरील पंपांसाठी लागणारा सीएफसी बंदीतून वगळला होता. नव्या वायूवरचे पंप तयार होऊन, तपासले जाऊन बाजारात पुरेसे येईपर्यंत जुने मिळत राहिले. मग ती मुभाही संपली. आज मिळणाऱ्या फवाऱ्याच्या पंपांत सीएफसी नसतो.

नवा पंप दिला तेव्हा गुरुजी पुन्हा तक्रार घेऊन आले. "याला जोर नाही. घशाला गार लागत नाही, चवही वेगळी." अनेकांची हीच तक्रार होती. नव्या वायूचा फवारा मऊ आणि कमी गार असतो, पण औषध छातीत नीट पोहोचते. मी त्यांना समोर बसवून पंप ओढायला लावले, प्लॅस्टिकची नळी आठवड्यातून एकदा धुवायला सांगितले. महिन्याभरात त्यांची तक्रार मिटली. माझ्या यादीतल्या एकाही रुग्णाला पंपावाचून राहावे लागले नाही. बंदी आली आणि गेली, रुग्णांना पत्ताही लागला नाही. चांगल्या नियोजनाची खूण हीच.

आता पाळी आर-२२ ची

सीएफसीच्या जागी जे वायू आले त्यांत एचसीएफसी हा गट होता. आपल्या एसीतला आर-२२ त्यातलाच. ओझोनला तो सीएफसीच्या मानाने विसाव्या हिश्शाइतकाच घातक आहे, पण घातक आहे. त्यामुळे २००७ मध्ये त्याचेही वेळापत्रक आवळण्यात आले. २००९ आणि २०१० च्या सरासरी वापराच्या तुलनेत २०१३ मध्ये गोठवणे, २०१५ पर्यंत १० टक्के, २०२० पर्यंत ३५ टक्के आणि २०२५ पर्यंत ६७.५ टक्के कपात, आणि २०३० मध्ये जवळजवळ पूर्ण बंदी, असे हे टप्पे. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी अगदी थोडा साठा २०४० पर्यंत मिळेल. भारताने २०२० मध्ये ३५ टक्क्यांऐवजी ४४ टक्के कपात करून दाखवली. ३१ डिसेंबर २०२४ नंतर नवीन यंत्रे बनवताना एचसीएफसी वापरणे देशात बंद झाले आहे.

आता उष्म्याचा मुद्दा. हे वायू ओझोन तर खातातच, शिवाय पृथ्वीभोवती उष्णता कोंडतात. एक किलो आर-२२ हवेत सोडला तर तो शंभर वर्षांच्या हिशोबात सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता कोंडतो. दीड टनाच्या एसीत साधारण एवढाच गॅस असतो. त्यानंतर आलेले एचएफसी वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण उष्णता कोंडतातच. म्हणून २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे त्यांच्याही कपातीचे ठरले, आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपली कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे. दुसऱ्या वाटा आजही आहेत. अनेक नव्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. आपल्या सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे गोदरेजने प्रोपेनवर चालणारे एसी २०१२ पासून बनवले. हे वायू ओझोनला निरुपद्रवी आहेत, उष्णताही नगण्य कोंडतात. मात्र ते पेट घेतात, म्हणून हाताळणारा माणूस शिकलेला हवा.

शेवटची कडी

कारखाने मोजके असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवता येते. पण उरलेला गॅस आहे तुमच्या-माझ्या घरच्या यंत्रांत, आणि त्याची किल्ली आहे मेकॅनिकच्या पान्यात. हा माणूस बहुधा उस्तादाच्या हाताखाली शिकलेला. गॅस परत काढून घेण्याचे मशीन त्याला परवडत नाही. सोडून दिला तर पाच मिनिटांत काम होते, काढून घेतला तर अर्धा-पाऊण तास जातो, आणि त्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. मी स्वतः पूर्वी दवाखान्याच्या फ्रीजचा गॅस मागच्या अंगणात सोडू दिला आहे, आणि वर "लवकर आटप" असेही म्हटले आहे.

या वेळी मात्र मी त्याला थांबवले. त्याने ओळखीच्या दुकानातून मशीन आणि रिकामा सिलिंडर आणला, गॅस काढून घेतला, तांब्याच्या नळीतली गळती शोधून झाळली आणि मगच नवा भरला. तीनशे रुपये जास्त घेतले. मी ते आनंदाने दिले.

वाचकांनी एवढे जरूर करावे :

१) "गॅस संपला" यावर विश्वास ठेवू नका. फ्रीज-एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. दर उन्हाळ्यात गॅस भरून घेण्याऐवजी एकदा गळती बुजवून घ्या.

२) स्प्लिट एसीची जागा बदलताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद करता येतो. याला मेकॅनिक 'पंप डाउन' म्हणतात. तसे करायला सांगा.

३) जुन्या आर-२२ च्या एसीत स्वस्त पडतो म्हणून दुसरा गॅस, आणि स्वयंपाकाचा गॅस तर मुळीच, भरू देऊ नका. आग लागू शकते.

४) गॅसचे काम चालू असताना दारे-खिडक्या उघड्या ठेवा. हा वायू हवेपेक्षा जड असतो. कोंदट खोलीत तो खाली साचून गुदमरवतो. ज्योतीशी त्याचा संबंध आला तर विषारी धूर होतो. मेकॅनिक बांधवांनी हातमोजे आणि चष्मा वापरावा. द्रवरूप गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठून जखम होते.

५) नवीन यंत्र घेताना आत कोणता गॅस आहे हे विचारा. तो मागच्या पट्टीवर लिहिलेला असतो.

६) ओझोनचा थर सावरत असला तरी दुपारचे ऊन सौम्य झालेले नाही. शेतात, रस्त्यावर काम करणाऱ्यांनी रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावर पदर-पंचा घ्यावा, आणि जमल्यास चांगल्या प्रतीचा गॉगल. चाळिशीनंतर डोळे तपासून घ्यावेत.

७) दम्याच्या रुग्णांनी पर्यावरणाच्या कोणत्याही बातमीने घाबरून पंप बंद करू नये. बदल करायचा असेल तर तो डॉक्टरांशी बोलूनच.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालानुसार करार असाच पाळला गेला, तर ओझोनचा थर जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास आणि दक्षिण ध्रुवावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. आज बालवाडीत असलेली मुले तेव्हा चाळिशी ओलांडून गेलेली असतील. जखम भरायला वेळ लागतो, पण ती भरते आहे. फक्त खपली काढायची नाही, एवढे पथ्य आपल्याकडे आहे.

काम आटोपल्यावर मेकॅनिक सिलिंडर उचलून निघाला. गुरुजी म्हणाले, "बघ, हा सिलिंडर दिसतोय केवढासा!" तो थांबला आणि म्हणाला, "हो ना गुरुजी. पण असे किती मी आजवर सोडले, त्याचा हिशोब करायला आता भीती वाटते."